फोडा ती पाकिटं!

परवा हापिसात डबा खाताना वाद झाला. विषय पगारवाढीचा नव्हता, राजकारणाचा नव्हता, हिंजवडीच्या ट्रॅफिकचाही नव्हता. विषय होता खेळण्यातली गाडी. तीन इंचांची, धातूची, दीड-दोनशे रुपयांची. आमच्या टीममधला एकजण (चांगला मुलगा आहे, कोड उत्तम लिहितो) रंगात येऊन सांगत होता की शनिवारी सकाळी दुकानाचं शटर वर जायच्या आधी तो दारात उभा होता, नवा खोका फुटताच त्याने हव्या त्या गाड्या उचलल्या, त्यातली एक लगेच चौपट किमतीला विकायला टाकली आणि बाकीच्या घरी भिंतीवर लावल्या. पाकिटासकट.

मी सहज विचारलं, "आणि खेळतोस कुठल्या गाडीशी?"

टेबलावर एकदम शांतता. मी जणू श्रीखंडात चिकन मागितलं होतं.

"अरे, फोडली की संपली ना किंमत!"

त्यावर मी सांगितलं की मी नुसती फोडत नाही, तर तिचे रिव्हेट ड्रिलने उडवतो, कंपनीचा रंग पूर्ण उतरवतो, घासतो आणि परत रंगवतो. मग तर काय, मला सरळ वेड्यात काढलं. चौघांपैकी तिघांचं एकमत झालं की मी 'ॲसेट'ची नासाडी करतोय. चौथा फोनवर होता.

तर मंडळी, आजचा हा विकांताचा लेख त्या तिघांसाठी. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या फुग्यात बंद केलेल्या गाड्या टांगलेल्या आहेत, त्या सगळ्यांसाठी. माझं म्हणणं अगदी साधं आहे: न फोडलेली गाडी तुमची नसतेच. तुम्ही तिचे वॉचमन आहात.

पाकीट कशासाठी होतं?

आधी थोडा इतिहास, कारण वादात आमचे मित्र 'कलेक्टरची परंपरा' असा भारदस्त शब्द वापरत होते.

ब्रिटनमध्ये डिंकी टॉइज हे नाव १९३४ मध्ये आलं. १९५३ मध्ये लेस्नी कंपनीने मॅचबॉक्स गाड्या आणल्या. या मॅचबॉक्सची जन्मकथा सगळ्यांनी वाचण्यासारखी आहे. लेस्नीचे एक भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं शाळेत आणायचं. म्हणून बापाने कंपनीच्या रोड रोलरची छोटी आवृत्ती करून काडेपेटीत घालून दिली. तिथून ती कल्पना आली. म्हणजे बघा, ती डबी होती खेळणं खिशात घालून मैत्रिणींपर्यंत न्यायला! उघडायची, खेळायचं, परत आत ठेवायचं. आपण त्या डबीचं लॉकर केलं.

१९६८ मध्ये मॅटेल कंपनीची हॉट व्हील्स आली. तिचं वैशिष्ट्य काय होतं? रंग होताच, पण खरी गंमत होती चाकात. बारीक आस, कमी घर्षणाची चाकं, आणि नारिंगी ट्रॅकवर सोडली की सुसाट. कुणीतरी डोकं लावून, मान मोडून ते चाक फिरेल असं केलंय. तुमच्या भिंतीवरच्या गाडीचं चाक कारखान्यातून निघाल्यापासून एकदा तरी धड फिरलंय का?

आता साठेबाजीला कंपन्यांनीही खतपाणी घातलं हे मान्य. १९९५ मध्ये हॉट व्हील्सने 'ट्रेझर हंट' नावाची मोजक्या संख्येची मालिका काढली आणि तेव्हापासून मोठी माणसं सकाळी सकाळी दुकानात खोकी उपसायला लागली. आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के झालं. आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. माल जपून येणार म्हटल्यावर साठवणाऱ्यांना आणखी जोर चढला. ठीक आहे. पण आपण शेअर घ्यायचे तर शेअर घ्यावेत ना. पोराबाळांच्या फळीवरून खेळणं उचलून त्याला 'गुंतवणूक' म्हणायचं म्हणजे जरा अतीच होतं.

कबुलीजबाब

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात लिहितोय, पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी स्वतः त्याच टोळीतला होतो. बदललो कसा ते सांगायला हवं, नाहीतर उपदेश होईल.

माझं आजोळ ब्राह्मणपुरी. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका. पुण्याच्या लोकांना आधी 'नंदुरबार' कुठे ते सांगावं लागतं, मग 'नाही, धुळ्यात नाही आता, १९९८ ला वेगळा जिल्हा झाला' हे सांगावं लागतं, तोवर ऐकणाऱ्याचा रस संपतो. असो. ऊस, केळी, पपई, कापूस. मामाची शेती, एकत्र घर, पुढे सिमेंटचा ओटा.

एका दिवाळीला मी मामेभावाच्या पोरासाठी एक गाडी नेली. निळी निसान स्कायलाइन, १:६४ मापाची. पोरगा तेव्हा नऊ वर्षांचा. हातात दिली आणि मी, शहाणा काका, काय बोललो असेन? "फोडू नको बरं का. तशीच ठेव. किंमत वाढेल."

पोरगं ऐकणारं. त्याने ठेवली.

पुढच्या दिवाळीला गेलो तर ते पाकीट देवळीशेजारी खिळ्याला लटकत होतं. वर्षभर खिडकीतलं ऊन खाऊन पुठ्ठ्याचा रंग विटलेला, प्लॅस्टिक पिवळट पडलेलं. खाली ओट्यावर मात्र सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर. त्याचं एक चाक गेलेलं, त्या जागी बाटलीचं बूच. ट्रॉली सुतळीने बांधलेली. टपावर खडूने काहीतरी लिहिलेलं. पंधरा मिनिटं मी बघत होतो, त्या ट्रॅक्टरने किमान तीन खेपा ऊस कारखान्यावर टाकला.

मला बघून पोरगा पळत आला, खिळ्यावरचं पाकीट काढलं, माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "काका, आते वाढनी का किंमत?"

अहिराणी येत नसेल तरी कळलं असेलच. त्याच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती, हे जास्त लागलं. त्याने माझा शब्द वर्षभर प्रामाणिकपणे पाळला होता. नऊ वर्षांच्या पोराच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे किती मोठं असतं? आणि मी ते त्याला एका वस्तूला हात न लावता काढायला सांगितलं होतं. माझ्या घरी भिंतीवर अशी बासष्ट पाकिटं होती. त्या रात्री ओट्यावर झोप लागेना.

"रंगवायची का आपण?" सकाळी मी विचारलं.

"कोणता रंग?"

"तुला हवा तो."

त्याने विचारसुद्धा केला नाही. "काळी-पिवळी!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: काळी-पिवळी म्हणजे तालुक्याला जाणारी प्रवासी जीप. आत किती माणसं बसतात हे विचारू नये. जगभर ज्या गाडीचे पोस्टर लावतात त्या स्कायलाइनला शहाद्याची वडाप करायची! मला ही कल्पना इतकी आवडली की डिसेंबरात, दत्तजयंतीच्या यात्रेच्या निमित्ताने, मी सामान घेऊन परत गेलो.

रंग वीस मिनिटांचा, तयारी दोन दिवसांची

इथे दुसरा मुद्दा सुरू होतो, आणि तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पाकिटवाल्यांवर मी चिडलेला असतो, पण पाकीट फोडून थेट स्प्रेचा कॅन फवारणारे लोकही काही कमी नाहीत. मी स्वतः पहिल्या गाडीवर तेच केलं होतं. कंपनीच्या रंगावरच वरून लॅकरचा फवारा. पाच मिनिटांत रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला, कारण वरच्या थिनरने खालचा थर उचलला. दुसऱ्या गाडीचा रंग काढला, पण उघड्या धातूवर सरळ ऑइल पेंट मारला. आठवड्याने नखाने सोलून निघाला.

का निघाला? या गाड्या लोखंडाच्या नसतात. तो जस्ताचा मिश्रधातू असतो, झॅमॅक. त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त. ३८० ते ३९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, म्हणून पोलादी साच्यात दाबाने भरून गाडीचे बारीक दरवाजे, जाळी, सगळं एका दमात उतरतं. पण जस्त आणि ऑइल पेंट यांचं जमत नाही. ऑइल पेंटमधली तेलाची आम्लं जस्ताशी हळूहळू अभिक्रिया करतात आणि मधे चक्क साबणासारखा थर तयार होतो. साबणावर रंग टिकेल का? ज्यांनी कोऱ्या जस्ती पत्र्यावर घाईने ऑइल पेंट मारलाय आणि पुढे पापुद्रे निघताना बघितलेत, त्यांनी हेच बघितलंय. फक्त नाव माहीत नव्हतं.

तर ब्राह्मणपुरीच्या ओट्यावर आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो.

गाडी उलटी केली की तळाला दोन रिव्हेट दिसतात. मधोमध खूण करून त्यांचं फक्त डोकं ड्रिलने उडवायचं. खोल गेलात तर दांडीच जाते. गाडी सुटते: धातूचं अंग, तळ, काचेचा प्लॅस्टिकचा तुकडा, सीट, आसांसकट चाकं. पोरगा हे बघताना श्वास घ्यायचा थांबला होता. वर्षभर नुसता पुठ्ठा बघितला होता बिचाऱ्याने. आत स्टिअरिंग आहे हे त्याला तेव्हा कळलं!

परत जोडण्यासाठी त्या दांडीत १.६ मिलिमीटरचं भोक पाडून दोन मिलिमीटरचे आटे पाडायचे आणि स्क्रू लावायचा. म्हणजे पुढच्या वेळी ड्रिल लागत नाही.

मग रंग उतरवणं. हे काम पोराला अजिबात दिलं नाही. मी मळ्यात, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून केलं. बाजारात मिळणाऱ्या अनेक रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. अमेरिकेत त्याच्या वाफेने माणसं दगावल्यावर २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना ते असलेले रिमूव्हर विकायला बंदी आली. साध्या हातमोज्यांतूनही ते पार होतं. तेव्हा डबा वाचून, ते नसलेलं घ्यावं. मामींनी घरातला कॉस्टिक सोडा सुचवला, तोही नको म्हटलं: कॉस्टिक रंगाबरोबर जस्तालाही खातो आणि हायड्रोजन सोडतो.

रंग निघाल्यावर जुन्या टूथब्रशने आणि भांड्याच्या साबणाने धुणं. मग साच्याच्या जोडाची रेघ बारीक कानसीने काढणं. मग ६०० नंबरचा वॉटर पेपर, मग १०००चा, पाण्यात बुडवून. हे काम पोराचं. तासभर घासल्यावर तो म्हणाला, "काका, रंग कधी?" मी म्हटलं, "उद्या." चेहरा पडला.

तेव्हा मामा, जे इतका वेळ खाटेवर पडून हा शहरी वेडेपणा बघत होते, उठून बसले आणि नातवाला म्हणाले, "पोळ्याला आपण शिंगं साळल्याशिवाय हिंगूळ लावतो का रे?"

मला लहानपणचा पोळा आठवला. आदल्या दिवशी मामा बैलाचं शिंग काचेच्या तुकड्याने खरवडत बसायचे. एका शिंगाला अर्धा-पाऊण तास. मग धुणार, पुसणार, आणि मग कुठे रंग. आम्ही पोरं रंगाच्या डब्याभोवती घिरट्या घालायचो आणि आम्हाला वाटायचं की मामा उगाच वेळ काढतायत. मिरवणुकीत कुणी म्हणत नाही की वा, काय शिंग खरवडलंय! रंगच दिसतो. पण ज्याने खरवडलं नाही त्याच्या बैलाचं शिंग गणपतीपर्यंत पोपडे धरतं.

पोरगा काही बोलला नाही. परत घासायला बसला.

पिवळ्या रंगाची गोष्ट

मामा खूश होऊन आतून एक जुना पिवळा डबा घेऊन आले. पोळ्याचा उरलेला, झाकण गंजलेलं. "हा घ्या. फुकट."

तो मी नम्रपणे बाजूला ठेवला, आणि का ते तुम्हालाही सांगतो, कारण घरोघरी असे डबे असतात. पिवळा, नारिंगी, लाल या रंगांत वर्षानुवर्षं शिशाची संयुगं वापरली गेली, कारण रंग झकास आणि पक्का येतो. आपल्याकडे घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्याचा भरवसा नाही. आणि तो नियम घरगुती रंगांचा. गॅरेजमधल्या गाड्यांच्या रंगांचा नाही. २००७ मध्ये मॅटेलसारख्या कंपनीलाही चीनमध्ये बनलेली खेळणी शिशाच्या रंगामुळे परत बोलवावी लागली होती, त्यात 'कार्स' चित्रपटातली सार्ज नावाची धातूची जीपही होती. इतक्या मोठ्या कंपनीच्या हातून निसटतं, तर आपण डोळे उघडे ठेवायला काय हरकत आहे?

म्हणून पोराच्या हाती दिले पाण्याचे ॲक्रिलिक रंग आणि ब्रश. त्याखालचं अस्तर मी मारलं. आधी क्रोमेट नसलेला वॉश प्रायमर, अगदी पातळ. यातलं फॉस्फोरिक आम्ल जस्ताला किंचित खरखरीत करतं आणि धरून ठेवतं. तो वाळल्यावर राखाडी प्रायमरचे दोन हलके हात, वीसेक सेंटिमीटरवरून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, कारण गावात डिसेंबर म्हणजे उसाच्या गाड्यांची धूळ.

हवामान हाही रंगाचाच भाग असतो बरं का. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. तेव्हा स्प्रेचा थेंब गाडीवर पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग पोलिश कागदासारखा होतो. पावसाळ्यात लॅकर मारलं तर हवेतली वाफ त्यात अडकून पांढरा धुरकट पडदा येतो. डिसेंबरची दुपार उत्तम. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीपेक्षा तो ओटा शंभर पटीने चांगलं वर्कशॉप होतं, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी पोराने रंगवली. अंग काळं, टप पिवळा. एकूण वीस मिनिटं. पुढच्या काचेवर टूथपिकने त्याला 'शहादा–ब्राह्मणपुरी' लिहायचं होतं. 'शहादा'वरच जागा संपली. मागे नंबर प्लेटवर 'एमएच ३९', बाकी आकडे मावले नाहीत. वरून मी क्लिअर मारलं. स्क्रू त्याने पिळले.

आता तुमचे आक्षेप

"पण कंपनीचा मूळ रंग हा इतिहास आहे!" हा एकमेव आक्षेप ज्याला मी मान देतो. साठ-सत्तरच्या दशकात डिंकीचे जुने साचे कलकत्त्यात आले आणि 'निकी टॉइज' या नावाने गाड्या बनल्या. तशी एखादी आजोबांच्या पेटीत सापडली तर हात लावू नका! तो रंग पुन्हा कुणी बनवणार नाही. डिंकीचा लिव्हरपूलचा कारखानाच १९७९ मध्ये बंद झाला. शिवाय फार जुन्या गाड्यांत जस्तात शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर धातू आतूनच तडकत जातो. त्यावर कुठलाही रंग चालत नाही, घासलं तर हातात भुगा येईल. पण मित्रा, तुझ्या भिंतीवर निकी नाहीये. लाखोंनी निघालेल्या मालातला एक नग आहे. इतिहासाच्या मागे लपू नकोस.

"किंमत जाईल." हो, जाईल. पाकिटवाल्यांना मी एवढंच विचारतो की गेल्या पाच वर्षांत किती विकल्यात? आमच्या हापिसातल्या तिघांचं उत्तर अनुक्रमे एक, शून्य, शून्य. म्हणजे ही अशी गुंतवणूक की जी विकवत नाही आणि वापरवत नाही. आमच्या आजीच्या कपाटात असे स्टीलचे डबे असायचे. 'पाहुण्यांसाठी.'

"वेळ कुठे आहे?" हे ऐकलं की मात्र डोकं फिरतं. शनिवारी सकाळी दुकानाबाहेर तीन तास उभं राहायला आहे, रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या भिंतीचे फोटो बघायला आहे. नसतो तो घासायला. कारण घासणं दिसत नाही. कुणाला फोटो दाखवता येत नाही की बघा, हजार नंबरचा पेपर मारलाय. आपल्या धंद्यात तरी वेगळं काय चाललंय? जुन्या कोडवर नवा स्क्रीन चढवायचा, डेमो द्यायचा, टाळ्या घ्यायच्या. खालचा थर साफ करायला दोन आठवडे मागितले की मॅनेजर असा बघतो जणू आपण सुट्टी मागितली. सहा महिन्यांनी पोपडे निघतात तेव्हा पहाटे तीनला फोन आपल्यालाच येतो.

मला वाटतं आपल्या पिढीला हाताने काही करता येत नाही, हे खरं दुःख नाहीच. काही पूर्ण होईपर्यंत कुणी बघत नसताना घासत बसायचं, एवढी साधी सवय आपण गमावली. आणि ती गेल्याचं कळू नये म्हणून विकत घेतो. जास्त घेतो. भिंत भरतो.

"खेळणंच तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" अरे, मग खेळा ना! तेच तर सांगतोय.

तर शेवटी

क्लिअर वाळायला एक रात्र ठेवलं. सकाळी पोराने गाडी घेतली, ओट्याच्या टोकावरून सोडली. चाकं फिरली, मस्त फिरली. आणि बुचाच्या चाकाच्या त्या ट्रॅक्टरवर जाऊन दाणकन आदळली. पुढच्या बंपरवरचा रंग उडाला, राखाडी अस्तर दिसायला लागलं.

माझ्या तोंडून "अर्र!" निघालंच. इतकी वर्षं पाकिटं जपलेला माणूस, सवय एकदम जात नाही. पोराने वाकून बघितलं, बोट फिरवलं, आणि म्हणाला, "अस्तर नाही निघालं, काका. वरचाच गेला. परत मारू."

दहा वर्षांच्या पोराला अस्तर आणि वरचा रंग यातला फरक कळला होता. हे मला तिशीत कळलं, तेही दोन गाड्या वाया घालवून.

पुण्याला परत आल्यावर भिंतीवरची बासष्ट पाकिटं मोजली. आतापर्यंत त्यातली अकरा फोडलीयेत. उरलेली एक्कावन्न रोज माझ्याकडे बघतात, आणि खोटं कशाला बोलू, त्यातल्या दोन-तीन फोडायला माझाही हात अजून धजत नाही. तेव्हा मी काही संत नाही. पण तुम्ही एक तरी फोडा. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात नावडती घ्या. जवळच्या कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा, चहा पाजा आणि विचारा की जस्तावर रंग कसा धरतो. अशा माणसाला कुणी असं विचारत नाही, तो खुलून सांगेल. घरात लहान मूल असेल तर घासायला त्याला बसवा. रसायनं तुमच्याकडे ठेवा, आणि अगदी तान्ह्या, वस्तू तोंडात घालणाऱ्या पोराला रंगवलेली गाडी देऊ नका.

आणि हापिसातल्या त्या मित्रा, हे वाचत असशील तर: शनिवारी रांगेत उभा राहू नकोस. माझ्याकडे ये. येताना एक पाकीट आण. ड्रिल चार्जिंगला लावून ठेवतो.